ज्याला भाव नाही, ते इथे

पहाटे ४.५०

गजर पाचचा, जाग त्याच्या दहा मिनिटं आधी. महिन्याचा शेवटचा रविवार असला की हे ठरलेलं. जानेवारीची थंडी आहे, स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय टेकवत नाही. चहाला उकळी येईपर्यंत मोबाइल बघते. रात्रीतून सतरा निरोप आलेत. 'गादी घेता का?' 'काचेच्या बरण्या चालतील ना?' 'फ्रीज आहे, दोन माणसं पाठवा.' एकानं नुसता फोटो टाकलाय, पिंपभर कॅसेट, खाली अक्षर नाही. काय विचारायचं हे बहुधा त्यालाही सुचलं नसावं.

आमचा उपक्रम अगदी साधा आहे. कोथरूडमधल्या एका शाळेच्या पटांगणात सकाळी आठ ते एक टाकाऊ प्लॅस्टिक आणि ई-कचरा गोळा करायचा. एका कोपऱ्यात दुरुस्ती कट्टा, दुसऱ्या कोपऱ्यात पालापाचोळ्याची देवघेव: ज्यांच्या अंगणात झाडं आहेत त्यांनी पोती आणायची, ज्यांनी गच्चीवर खताचा ड्रम ठेवलाय त्यांनी न्यायची. मी पर्यावरणातली तज्ज्ञ वगैरे नाही. आठवड्याचे सहा दिवस एका सीएकडे जमाखर्च बघते. इथेही वही माझ्याकडेच आहे, ती त्यामुळे.

सकाळी ६.१५

गाडीत सामान: वजनकाटा, गोण्या, सुतळी, हातमोजे, खोक्यांच्या पाठीवर खडूनं लिहिलेल्या पाट्या, आणि कोरड्या वाळूनं भरलेली पत्र्याची बादली. त्या बादलीवरून सगळे माझी थट्टा करतात. करू देत.

सकाळी ७.००

मावशी आणि त्यांची भाची आधीच येऊन शाळेच्या पायरीवर बसल्यात. दोघी 'स्वच्छ'च्या सभासद. पुण्यात दारोदार फिरून कचरा गोळा करणाऱ्या बायकांची ही सहकारी संस्था, मालकी त्यांचीच. तिच्याआधी १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारानं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. उकिरड्यावर वाकणाऱ्या बाईला 'ए' म्हणून हाकारलं जायचं, पोलीस चोर म्हणून हटकायचे. तिच्या गळ्यात महापालिकेची सही असलेलं ओळखपत्र आलं ते या संघटनेमुळे. मावशी ते कार्ड अजून पदराआड पिनेला लावून ठेवतात. आज त्याची गरज नाही, पण असतं.

आज त्यांना दिवसाची मजुरी आहे. ती पाकिटात घालून मी आदल्या रात्रीच बाजूला ठेवते. पहिल्या वर्षी आम्ही त्यांना 'स्वयंसेवक' म्हणून बोलावलं होतं. आठवलं की अजून कानशिलं तापतात. आम्हाला रविवारची सुट्टी असते म्हणून आम्ही सेवा करतो. त्यांची रविवारची सुट्टी आम्ही सेवेत कापून घेत होतो.

सकाळी ८.००

फाटक उघडायच्या आत रांग. पुणेकर फुकट ठिकाणी वेळेआधी येतो. (मीही पुण्याचीच, म्हणून बोलते.)

पहिला नंबर एका आजोबांचा. स्वेटर, कानटोपी, आणि रिक्षातून उतरवलेली वर्तमानपत्रांच्या तीन बांधलेल्या थप्प्या.

"आजोबा, रद्दी नाही घेत आम्ही."

"नाही घेत म्हणजे? कचरा संकलन लिहिलंय की बाहेर!"

"खाली बघा ना, लिहिलंय. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा नाही."

"मग घेता तरी काय तुम्ही?"

"ज्याला भाव नाही, ते."

दर महिन्याला हा संवाद वीसेक वेळा होतो. पहिली दोन वर्षं आम्ही सगळंच घ्यायचो, आणि टेम्पो भरला की टाळ्या वाजवायचो. मग एकदा मावशींनीच विचारलं, "ताई, तुमचा कार्यक्रम झाला की पुढचा आठवडा आमच्या पिशवीत निस्तं वलं कसं काय येतं वो?" तेव्हा उजेड पडला. दारात येणाऱ्या बाईला घरटी महिन्याचं शुल्क मिळतं, पण तिचा संसार चालतो तो भंगार विकून. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, जर्मलची भांडी. लोक तेच आमच्यासाठी साठवून ठेवू लागले होते. आम्ही पृथ्वी वाचवत होतो ते तिच्या ताटातलं उचलून. त्या महिन्यापासून नियम बदलला. आता वेफर्सची पाकिटं, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, तुटके कंगवे, थर्माकोल, वायरी, बंद पडलेली यंत्रं, एवढंच.

आजोबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ थप्प्यांकडे बघत राहिले. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "चला परत. आणि भाडं एकाच बाजूचं देणार."

सकाळी ९.२०

प्रभागातले एक इच्छुक आले. सोबत चार जण, दोन कॅमेरे आणि दहा बाय सहाचा फ्लेक्स. फ्लेक्सवर पृथ्वी, तिला धरलेले दोन हात, आणि पृथ्वीपेक्षा मोठा त्यांचा चेहरा. भाषण 'फक्त दोन मिनिटं' होतं, म्हणजे चौदा. रोप लावण्याचा आग्रह होता. पटांगणात मुलं खेळतात, रोपाला जागा नाही, असं सांगितल्यावर एका कुंडीतलं रोप दुसऱ्या कुंडीत लावून फोटो झाला. ते गेले, फ्लेक्स राहिला. फ्लेक्सला भाव नाही, आणि आम्हीही तो घेत नाही, कारण आमचं प्लॅस्टिक ज्या कारखान्यात जातं तिथं पीव्हीसी चालत नाही. पावसाळ्यात गोण्या झाकायला होईल म्हणून गुंडाळून ठेवला. आतापर्यंत असे पाच जमलेत. वेगवेगळ्या पक्षांचे आहेत, पण एकाच कोपऱ्यात गुण्यागोविंदानं पडून असतात.

सकाळी १०.००

आता खरी गर्दी. ताडपत्रीवर ढीग वाढतोय आणि त्याच्या दोन बाजूंना मावशी आणि भाची मांडी घालून बसल्यात. कॉलेजमधून आलेल्या चार मुलींना मी मुद्दाम त्यांच्या हाताखाली दिलंय.

मावशींची परीक्षा कानाची आहे. पिशवी उचलायची, मुठीत चुरगाळायची, सोडायची. कुरकुर वाजली तर एका गोणीत. मऊ, आवाज न करता दबली तर दुसऱ्या गोणीत. वाजली आणि आतून चांदीसारखी चमकली, तर तिसऱ्या. मुलींपैकी एक रसायनशास्त्राची. तिनं सांगितलं, वाजतं ते पॉलिप्रॉपिलीन, मऊ ते पॉलिथिलीन, चमकतं ते ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं. मावशी म्हणाल्या, "आसंल. पन तू वाचून सांगतीस, मी न बगता." आणि खरंच, भाचीशी बोलता बोलता, मान तिकडे, हात इकडे, एकही चूक नाही. त्या मुलीनं डोळे मिटून करून बघितलं. दहातल्या चार चुकल्या.

मग मावशींनी दुधाची पिशवी हातात घेतली. धुतलेली, वाळवलेली, कुणीतरी नीट घडी घालून आणलेली. या पिशवीला खरं तर भाव असतो, ती इथे यायलाच नको. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि तिचा कापलेला कोपरा बोटानं दाखवला.

"ह्यो तुकडा कुठं गेला?"

मुलींना कळेना.

"पिशवी आली. तुकडा कुठं हाय? त्यो वल्या कचऱ्यात गेला. नाय तर मोरीत. येवढासा तुकडा आमी कवा येचायचा? रोज एका घरात दोन पिशव्या. धर किती घरं."

नखाएवढा त्रिकोण. चाळणीतून निसटतो, खतात मिसळतो, गटारातून नदीत जातो. कोपरा अर्धवट कापून लटकता ठेवला तर पिशवीबरोबर जातो, इतकंच. मी स्वतः पर्यावरणाच्या कार्यक्रमांना सहा वर्षं जाऊन आले होते आणि घरी रोज सकाळी तो त्रिकोण कापून सिंकमध्ये टाकत होते.

रसायनशास्त्रवाली मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, खरं सांगा. यानं तापमान कमी होणार आहे का?"

नाही, म्हटलं. वेफर्सचं पाकीट योग्य गोणीत गेल्यानं हवा गार होत नाही. पुण्याचा रोजचा कचरा दोन हजार टनांच्या वर आहे. तापमानाशी त्याचा सगळ्यात थेट संबंध विचारशील तर तो ओल्या कचऱ्याचा. भाजीची देठं, उरलेला भात ढिगाखाली दाबला गेला की हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट उष्णता धरून ठेवतो. कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा हा ढीग वर्षानुवर्षं नाकाशी सोसला, त्याचा धूर आणि विहिरीत उतरलेलं काळं पाणीही सोसलं. तेव्हा जास्त मोलाचं काम त्या पालापाचोळ्याच्या कोपऱ्यात चाललंय, जिथं कुणी फोटो काढत नाही. ड्रममध्ये ओल्याबरोबर सुका पाचोळा घातला की हवा खेळती राहते, वास येत नाही, मिथेन फारसा होत नाही, खत होतं.

आणि त्या कोपऱ्यात लोक येतात ते मिथेनसाठी नव्हे. घरच्या घरी खत केलं तर महापालिका मिळकतकरात सवलत देते, त्यासाठी येतात. येऊ देत. हेतू तपासायची वही माझ्याकडे नाही.

सकाळी ११.१०

वास आला. गोडसर, झोंबणारा. ई-कचऱ्याच्या खोक्यातून धुराची एक बारीक रेघ. कुणीतरी फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल चार्जरांच्या गुंत्यात टाकला होता आणि वरून कुणीतरी इस्त्री आदळली होती. मी चिमट्यानं फोन उचलला, बादलीत टाकला, वर वाळू लोटली. फुस्स करून आवाज आला, वाळू थोडी हलली, मग शांत. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

त्यानंतर बादलीवर कुणी बोललं नाही.

लिथियमची बॅटरी फुगली की ती कचरा राहत नाही, पेटायला निमित्त शोधणारी वस्तू होते. कचऱ्याच्या गाडीत ती दाबयंत्राखाली आली तर गाडी पेटते. ट्यूबलाइटचंही तसंच. आत पारा असतो, फुटली की वाफ नाकात जाते. म्हणून ट्यूब फक्त अख्ख्या आणि कागदात गुंडाळलेल्या घेतो. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाले. वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरच ती मार्गी लावण्याची जबाबदारी आहे. कागदावर चांगली व्यवस्था. पण गल्लीतल्या माणसाला त्या कंपनीचं दार सापडत नाही, तोवर आमचं पटांगण आहे.

सकाळी ११.४०

दुरुस्ती कट्ट्यावर एक निवृत्त काका बसतात. सगळी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात गेली. समोर स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, कैची, आणि बिस्किटांच्या डब्यात निरनिराळे कार्बन ब्रश. आमचा नियम असा की कुठलंही यंत्र ई-कचऱ्यात टाकण्याआधी काकांना दाखवायचं.

एक काकू मिक्सर घेऊन आल्या. बारा वर्षं जुना, परवा खोबरं वाटताना बंद पडला. नवीन घेऊनही झाला होता, ऑनलाइन, सेलमध्ये. काकांनी मिक्सर उलटा केला. बुडाशी एक छोटं लाल बटण असतं. यंत्रावर ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि वीज तोडतं. काकांनी ते अंगठ्यानं आत दाबलं, मिक्सर सुलटा केला, खटका फिरवला. घर्रर्र.

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे... काही झालंच नव्हतं?"

"खोबरं जास्त झालं होतं," काका म्हणाले.

सगळंच असं सुटत नाही. पाच यंत्रांतली दोन दुरुस्त होतात. एकाचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. उरलेली दोन अशी बनवलेली असतात की उघडताच येत नाहीत, स्क्रूच नाहीत, सगळं चिकटवलेलं. अशी वस्तू हातात आली की काका ती शांतपणे ई-कचऱ्याच्या खोक्यात ठेवतात आणि हात पुसतात.

दुपारी १.१५

पिठलं, भाकरी, ठेचा. स्टीलची ताटं घरून आणलेली, ज्याचं त्यानं घासायचं. मावशींनी भाकरीचा घास मोडता मोडता विचारलं, त्या सकाळच्या साहेबांचं नाव काय? कुणालाच आठवेना. फ्लेक्स उलगडून बघायचा कंटाळा केला.

दुपारी २.००

टेम्पो आला. थर्माकोल चढवताना दरवेळी फजिती होते: अर्धा टेम्पो भरतो आणि काटा हलत नाही. अठ्ठ्याण्णव टक्के हवाच ती. महाराष्ट्रात २०१८ च्या जूनमध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवरची बंदी अमलात आली, त्या बऱ्याच कमी झाल्या. पण टीव्हीबरोबर येणारे ठोकळे येतच राहतात. गोण्या शिवल्या, वजन केलं, वहीत लिहिलं. कारखान्यात पोचल्यावर तिथल्या काट्याची पावती येते, ती शेजारच्या रकान्यात. दोन आकडे जुळले नाहीत तर मी फोन करते. सगळ्यांना याचा वैताग येतो. पण कार्यक्रम किती रंगला हे सांगणारे पुष्कळ असतात. माल कुठं गेला, हे एक पावती सांगते.

मावशींना पाकीट दिलं. त्यांनी माझ्यासमोर मोजलं. मला ते फार आवडतं.

दुपारी ३.३०

घरी. पाठ टेकली.

संध्याकाळी ५.००

नदीकाठची फेरी. भिडे पुलाशी पंधरा-वीस माणसं, त्यांत सकाळच्या मुलीही. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की हा पूल बुडतो, हे पुण्यातल्या शेंबड्या पोराला माहीत. पण नकाशावरच्या दोन रेषा फार थोड्यांना ठाऊक असतात. निळी पूररेषा: पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची. लाल: शंभर वर्षांत एकदा येईल अशा पुराची. १२ जुलै १९६१ चं पानशेत धरण फुटणं आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र, आंबील ओढ्याच्या पुराची, आम्ही स्वतः पाहिलेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते तर अजून ताजं आहे. नदीकाठाच्या ४४ किलोमीटरच्या सुशोभीकरणावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक या फेरीला येतात आणि चालता चालता भांडतात. माझं मत एवढंच की नदीची रुंदी आधी पुराला विचारावी, मग आराखड्याला.

काठावर एक वाळुंजाचं झाड आहे. फेरी नेणाऱ्यानं सगळ्यांना तिथं थांबवलं आणि वर बघायला सांगितलं. डोक्याच्या बऱ्याच वर, फांद्यांत, पिशव्यांच्या चिंध्या लोंबत होत्या. सगळ्या साधारण एकाच उंचीवर, रेघ ओढल्यासारख्या. पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं ते झाडानं लिहून ठेवलेलं. निळी नाही, लाल नाही, तिसरीच पूररेषा.

रसायनशास्त्रवाली मुलगी खाली वाकून मातीत काहीतरी उकरत होती. तिनं तळहात पुढे केला. त्यावर नखाएवढे तीन त्रिकोण, एकावर निळ्या छपाईचा अंश अजून शिल्लक.

"मावशींना दाखवू का?" तिनं विचारलं.

"त्यांना नको," म्हटलं. "त्यांना माहितीये."

रात्री ९.००

वही पुरी केली. फ्रीजवाल्याला उत्तर दिलं, कॅसेटवाल्यालाही: आणा, पण पिंप घरी ठेवा. आता पुढच्या महिन्याचा निरोप लिहायला बसलेय. तो तुम्हालाही:

रविवारी सकाळी आठ ते एक. येताना रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा आणि दुधाच्या पिशव्या आणू नका, ते सगळं तुमच्या दारात रोज येणाऱ्या बाईला द्या. फुगलेली बॅटरी खोक्यात टाकू नका, थेट माझ्या हातात द्या. आणि उद्या सकाळी दुधाची पिशवी उघडाल तेव्हा कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा.